प्रॉम्प्टरच्या स्टुलावरून

प्रश्न : ताई, मी नाशिकला शाळेत भूगोल शिकवतो. वर्षाकाठी पंधरा-वीस नाटकं बघतो. पण बाहेर पडल्यावर कुणी ‘कसं होतं?’ विचारलं, की ‘कामं छान झाली’च्या पुढे माझी गाडी सरकत नाही. मागे एका नाटकाच्या पत्रिकेवर ‘ड्रामाटुर्ग’ असा शब्द वाचला. हे काय काम असतं? त्यांच्या नजरेनं नाटक बघायला माझ्यासारख्याला शिकता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : शब्दाचं आधी उरकून टाकू. शब्द जर्मन वळणाचा. 1767 साली हॅम्बुर्गमध्ये काही मंडळींनी ‘राष्ट्रीय रंगभूमी’ काढली आणि लेसिंग या नाटककाराला आमच्यासाठी नाटकं लिही म्हणून बोलावलं. तो म्हणाला, नाटकं नको, मी तुमच्या प्रयोगांवर टीका लिहितो. घरच्याच माणसानं घरच्याच स्वयंपाकाला नावं ठेवायची आणि तीही छापून! व्हायचं तेच झालं. नटनट्या रुसल्या, लेसिंगनं अभिनयावर लिहिणं सोडलं, आणि दोनेक वर्षांत ती रंगभूमीही बंद पडली. टिपणं मात्र टिकली. पुढे जर्मन नाट्यगृहांत हे रीतसर पद झालं : नाटक निवडायचं, वाचायचं, कापायचं, तालमीत बसून दिग्दर्शकाला न आवडणारे प्रश्न विचारायचे. आपल्याकडे ही कामं होतच होती. नाव नव्हतं, मानधन तर नव्हतंच. पत्रिकेत कधी ‘रंगावृत्ती’ (म्हणजे प्रयोगासाठी बेतलेली संहिता) म्हणून कुणाचं नाव येतं, बऱ्याचदा तेही येत नाही.

मी हे काम कुठल्या शाळेत शिकले नाही. सांगलीच्या कोर्टात मी लघुलेखक होते आणि संध्याकाळी एका हौशी संस्थेत प्रॉम्प्टिंग करायचे, म्हणजे विंगेत बसून विसरलेल्या नटाला त्याचं वाक्य हळूच पुरवायचं. कोर्टात साक्षीदार बोलायचा, साहेब त्याचं नीट वाक्य करून सांगायचे आणि मी ते उतरवायचे. साक्षीदार म्हणायचा, “आता मला काय म्हाईत सायेब, माझं डोस्कं कुठं ठिकाणावर हुतं.” कागदावर यायचं, “मला माहिती नाही.” चूक काहीच नाही. पण त्या माणसाचं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे कागदावरून उडालं. संध्याकाळी तालमीला गेले की याच्या उलट काम. तिथे छापलेल्या ‘मला माहिती नाही’मधून डोकं ठिकाणावर नसलेला माणूस परत उभा करायचा असतो.

बघणं कुठून सुरू झालं ते सांगते. राज्य नाट्य स्पर्धेसाठी आमच्या संस्थेनं तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घेतलं होतं. नाटक 1967 चं, पण आमच्या गावात ते नवंच होतं. मी विंगेत स्टुलावर, मांडीवर संहिता, हातात पेन्सिल बॅटरी. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला नाटकाच्या नायिकेला, बेणारेला, विचारतात, गुन्हा कबूल आहे का. आमची बेणारे गप्प. एक, दोन, तीन… मला घाम फुटला. बाई विसरली! मी विंगेतून चांगलं ऐकू जाईल असं वाक्य दिलं. ती हलली नाही. मी पुन्हा दिलं. तालीम थांबली. दिग्दर्शक आमच्या बँकेतले कॅशिअर, आवाज न चढवता म्हणाले, “ती विसरली नव्हती. ती गप्प होती.”

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन वाक्यांपासून सुरू होतं. विसरणं आणि गप्प राहणं बाहेरून सारखंच दिसतं. फरक कळायला आधी काय झालं, कोण बघतंय, या बाईला आत्ता काय गमवायचंय, एवढं माहीत असावं लागतं. मी वाक्यं पाठ करून बसले होते, नाटक वाचलंच नव्हतं. त्या रात्री घरी येऊन पहिल्या पानापासून वाचलं, कोर्टात कागद वाचतात तसं.

तुम्हीही ते पहिलं पान काढून बघा. मुंबईची एक मंडळी खेडेगावात अभिरूप न्यायालयाचा, म्हणजे खोट्या खटल्याचा, खेळ करायला आलीय. रिकामा हॉल. आधी येतो सामंत, गावातला साधाभोळा माणूस. त्याच्या हातात कुलूप आणि कापडाचा हिरवा पोपट. मागून बेणारे येते ती बोट तोंडात धरूनच, कारण दाराच्या कडीत ते चिमटलंय. सामंत सांगतो, ही कडी जरा विचित्र आहे, नीट सरकवली नाही आणि दार ओढलं की माणूस आतच अडकतो. प्रेक्षक हसतो, विसरतो. पुढे खेळ खेळ म्हणता तो खटला खऱ्या बेणारेवर उलटतो, ती पिशवी उचलून निघते, आणि दार उघडत नाही. शेवटी सगळे आपापल्या प्रयोगाच्या तयारीला लागतात, ती तिथेच पडून असते आणि सामंत तिच्याजवळ तो हिरवा पोपट ठेवतो. कडी, चिमटलेलं बोट, पोपट. सगळं नाटक पहिल्या दोन मिनिटांत आपल्यासमोर ठेवलेलं असतं, आणि ठेवलंय ते अशा वेळी, जेव्हा अर्धं थिएटर अजून खुर्ची शोधत असतं. म्हणून माझी पहिली आणि जरा हट्टी अट : तिसऱ्या घंटेच्या आत जागेवर बसा. उशिरा येणाऱ्यांनी नाटकावर मत देऊ नये. मी घरच्यांनाही देऊ देत नाही.

दुसरं, मत थोडं थांबवून ठेवा. बाहेर पडल्यावर ‘आवडलं का?’ याचं उत्तर देण्याआधी मनाशी फक्त घडलेलं सांगून बघा, विशेषणं न लावता. कोण आलं, काय मागितलं, कुणी दिलं नाही, मग त्यानं काय केलं. भूगोल शिकवता ना? नदी सुंदर आहे हे मुलांना नंतर सांगता. ती कुठून उगम पावते आणि कुठे वळते, ते आधी.

तिसरं, बोलणाऱ्याकडे बघायची सवय मोडा. बोलणाऱ्याकडे सगळे बघतातच. ऐकणाऱ्याकडे बघा. ‘शांतता’तला काशीकर कोर्ट चालू असताना कान कोरत असतो. कुणाची तरी जिंदगी उलगडतेय आणि न्यायाधीश कानात कोरणी घालतोय! मी कोर्टात अशी वर्षं काढली आहेत, त्यामुळे मला ते फार अतिशयोक्त वाटलं नाही, एवढंच सांगते.

चौथं, कोण नाही ते बघा. या नाटकात प्राध्यापक दामले येतच नाही. खेळात त्याला काम होतं, तो आला नाही. बेणारेच्या पोटातलं मूल त्याचं. आरोपी हजर, साक्षीदार हजर, न्यायाधीश हजर. ज्याला पिंजऱ्यात उभं करायचं तो गैरहजर, आणि त्याला बोलावून आणा असं कुणी म्हणत नाही. उलट ऐनवेळी साक्षीदार कमी पडतो म्हणून सामंतला उभं करतात, आणि तो बिचारा हातातल्या कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो. तीच साक्ष बेणारेला जाऊन चिकटते. कोर्टातल्या माणसानं हे वाचलं की झोप लागत नाही.

आणखी एक चिमटा : गुन्हा कबूल आहे का, याला उत्तर देताना बेणारे हसत हसत सांगते की आपल्याला साधं झुरळ मारायचीही भीती वाटते. पुढे पोंक्षे साक्षीत सांगतो, हिच्या पर्समधून टिक-20 ची बाटली पडली होती. झुरळ मारायला घाबरणारी बाई आणि पर्समध्ये ढेकणांचं औषध. लेखकानं हे दोन टाके बरेच अंतर ठेवून घातलेत, धागा मात्र एकच. असे टाके शोधायची चटक लागली, की तुम्ही ‘कामं छान झाली’च्या पुढे गेलातच म्हणून समजा.

अंधारात वहीत लिहू नका. मोबाइलच्या उजेडात तर मुळीच नाही. शेजारच्याचं नाटक तुम्ही बुडवता. मी तिकिटाच्या मागे न बघता दोन-तीन शब्द खरडते. घरी आल्यावर निम्मे लागत नाहीत. जे लागतात तेच कामाचे असतात.


प्रश्न : ताई, आमच्या कॉलेजची एकांकिका बसतेय. लेखिका माझी रूममेट आहे. सगळे म्हणतात, मध्ये लांबतंय. दिग्दर्शकानं मला ‘तू जरा ड्रामाटुर्गी बघ’ म्हणून बसवलंय. म्हणजे मी करू काय? आणि तिला वाईट न वाटता बोलू कसं?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : ‘लांबतंय’ ही तक्रार झाली, निदान नाही. पोटात दुखतं म्हणून आलेल्या माणसाचं दुखणं दर वेळी पोटातच असतं असं नाही. एकांकिका आठव्या मिनिटाला लांबतेय असं वाटतं, तेव्हा गोम बहुतेक वेळा चौथ्या मिनिटाला असते. तिथे प्रेक्षकाला जे कळायचं ते कळून गेलेलं असतं, आणि पुढची चार मिनिटं पात्रं तेच एकमेकांना सांगत असतात. फोनवर तर हमखास. एकांकिकांमध्ये इतके फोन वाजतात की आता रंगमंचावर मोबाइल दिसला, की मी आपोआप पाण्याची बाटली शोधते.

तर एक कागद घे. आडवी पात्रं लिही आणि शेवटी एक रकाना प्रेक्षकाचा. उभी पानं. प्रत्येक पानावर कुणाला काय नव्यानं कळलं तेवढंच भर. जिथे सलग दोन पानं सगळे रकाने कोरे, तिथे पेन्सिलनं खूण कर. मात्र एक लक्षात ठेव : प्रेक्षकाला माहीत आहे आणि पात्राला नाही, असं असेल तर कोऱ्या रकान्यांतही दम धरून बसता येतं. ‘एकच प्याला’त सुधाकराला प्याला कुठे नेणार, हे सगळ्या थिएटरला ठाऊक असतं. ठाऊक असूनच लोक 1919 पासून बघताहेत. पण ते वाट बघणं झालं. तुमच्याकडे वाट बघायला काही आहे का, ते तपास.

तालमीत एकदा संहितेकडे पाठ कर आणि बघणाऱ्या पोरांकडे बघ. कोण मांडी बदलतं, कोण खोकतं, कुणाचा अंगठा मोबाइलवर जातो. खोकला खोटं बोलत नाही. प्रयोगातला खोकला मी मोजत असे. एका संवादाला सहा जण खोकले, तर तो संवाद सर्दीचा नव्हे.

आता बोलायचं. हे अवघड आहे आणि मी यात सपशेल तोंडावर पडले आहे. एका नवोदित लेखकाला तालमीनंतर सगळ्यांसमोर म्हणाले होते, “दुसरा प्रवेश काढून टाका, काही बिघडत नाही.” प्रवेश खरंच निकामी होता. पण त्यात त्याच्या वडिलांची वाक्यं होती, हे मला कुठे ठाऊक! पुढे तो माझ्याशी वर्षभर बोलला नाही, प्रवेशही काढला नाही, आणि नाटक पडलं. त्यानंतर मी ‘काढ’ हा शब्द सोडला. आता मी विचारते, “हा प्रवेश नसता तर पुढे काय अडलं असतं?” अडत असेल तर ती सांगेल, आणि मग तो प्रवेश का हवा हे तुलाही कळेल. अडत नसेल तर तीच दोन दिवसांनी गुपचूप पानं फाडेल. (ती पानं तू जपून ठेव. पुढच्या एकांकिकेत येतात.)

तालीम संपल्या-संपल्या बोलू नकोस, तेव्हा लेखकाची कातडी सोललेली असते. सकाळी चहाला बस. आणि सुरुवात टीकेनं नको. तिला म्हण, मी तुझी एकांकिका तुला चार वाक्यांत सांगते, चुकले तर थांबव. जिथे ती “नाही नाही, तसं नाहीये!” म्हणून उसळेल, ती जागा. तिच्या डोक्यात आहे आणि कागदावर नाही, असं काहीतरी तिथे सापडेल. तुझं काम ते दाखवून देणं. भरायचं कसं, ते तिचं. उपाय सुचवायची खाज फार येते, मला अजूनही येते. दाबून ठेव.

कधीकधी तालमीला उलटंही मागावं लागतं, म्हणजे कापायला नव्हे, वाढवायला. ‘शांतता’तलं बेणारेचं तिसऱ्या अंकातलं लांबलचक स्वगत मुळात नव्हतं, दिग्दर्शक अरविंद देशपांडे अडून बसले म्हणून तेंडुलकरांनी ते लिहिलं, असं नाटकवाल्यांत सांगतात. आज ऑडिशनला दर तिसरी मुलगी तेच घेऊन येते आणि रडते. रडू दे. पण ते कुठे येतं ते बघ. न्यायाधीश बोलायला काही सेकंद देतो, भोवतालची माणसं गोठतात, ती जिवाच्या आकांतानं बोलते, आणि ते संपल्यावर खटला जणू ती काही बोललीच नाही असा पुढे सरकतो. लघुलेखक म्हणून सांगते, त्यातला एक शब्दही रेकॉर्डवर आलेला नाही. ज्या मुलीला हे कळलंय, तिला त्या स्वगतात रडायला वेळच मिळत नाही; सेकंद संपत असतात.


प्रश्न : गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर नाट्यगृहाच्या पायऱ्या चढवत नाहीत. वय 76. म्हणून नाटकांची पुस्तकं आणून वाचायला घेतली, पण कादंबरीसारखी पकड बसत नाही. नुसती नावं आणि बोलणी. मी चुकीचं वाचतोय का?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : चुकीचं नाही, फार भरभर वाचताय. कादंबरीचा लेखक तुम्हाला घरात फिरवतो, भिंतीचा रंग सांगतो, बाईच्या मनात काय चाललंय तेही सांगतो. नाटककार दार उघडून देतो आणि निघून जातो. भिंती तुम्ही उभ्या करायच्या.

अमरावतीचे आहात, तर एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ घ्या. पुण्या-मुंबईच्या वाचकाला त्यातली वऱ्हाडी कानात उभी करावी लागते, तुम्हाला ती बसल्याजागी मिळेल. आणि मोठ्यानं वाचा. घरात कुणी हसलं तर हसू द्या.

वाचण्याआधी टेबलावर वाडा मांडा. मी खरंच मांडते : काडेपेटी म्हणजे ओसरी, औषधाची बाटली म्हणजे दादीची, घरातल्या म्हाताऱ्या आजीची, खोली, चष्म्याचं घर म्हणजे अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर. प्रत्येक पात्राला एकेक बटण. जो आत येतो त्याचं बटण सरकवायचं. दहा पानांत तुम्हाला दिसेल की काही बटणं सतत हलताहेत आणि काही हलतच नाहीत. चंदूचं बटण बघा. घरातली सगळी कामं ओढणारा, आणि वाटण्याघाटण्यांच्या बोलण्यात मात्र त्याला कुणी विचारत नाही. नुसतं वाचताना तो निसटतो, कारण त्याला वाक्यं कमी आहेत. टेबलावर निसटत नाही.

मग पैशांची वही करा. घरचे कर्ते तात्याजी गेलेत, तेराव्याला गाव जेवलं पाहिजे, देशपांड्यांची इभ्रत आहे. खर्च कुणी करायचा? मुंबईहून आलेला मुलगा सुधीर काय बोलतो, वाड्यातच राहणारा थोरला भास्कर काय लपवतो, सोनं कुणाच्या ताब्यात आहे. प्रत्येक वेळी पैशाचा विषय निघाला, की तारीख-वार घातल्यासारखी नोंद करा. शोक आणि हिशेब एकाच वाक्यात कसे नांदतात ते तुमच्या वहीतच उमटेल. ज्या घरात दहावं-तेरावं झालंय, त्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

आणि कंसातला मजकूर गाळू नका. बहुतेक वाचक गाळतात. ‘(थांबते.)’ असं असेल तर तुम्हीही थांबा, पुढचं वाक्य लगेच वाचू नका, एक श्वास जाऊ द्या. थकलेली दादी अधूनमधून किती वाजले म्हणून विचारत राहते. पहिल्यांदा वाचताना ते पार्श्वभूमीतलं वाटतं. प्रत्येक वेळी ती विचारेल तेव्हा घड्याळात बघून खरंच वेळ लिहून ठेवा. तिसऱ्या-चौथ्या नोंदीला माझा हात जड झाला होता. तुमचा काय होतो ते कळवा.

याच घराची गोष्ट पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’मध्ये जाते. 1994 साली चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही नाटकं एकापाठोपाठ एक, नऊ तासांच्या आसपास सादर केली होती. तुम्ही घरी बसून ती तीन महिन्यांत करा. मध्यंतर तुमच्या हातात आहे.


प्रश्न : मुलगा इंजिनीअरिंग सोडून ‘ड्रामाटुर्ग होतो’ म्हणतोय. यात पोट भरतं का?
– एक आई, ठाणे

उत्तर : मराठीत नुसत्या एवढ्यावर? नाही. आजवर मला या कामाचे जे पैसे मिळाले, त्यात एकदा घरचा मिक्सर दुरुस्त झाला. पण शिकायच्या जागा आहेत : दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाचा नाट्यविभाग. आणि हीच नजर मालिका, वेबमालिका, सिनेमाच्या लेखनखोल्यांत लागते. तिथे पैसे देतात, कधी वेळेवरही. इंजिनीअरिंग पुरं कर म्हणून सांगून बघा. ऐकणार नाही. मग निदान एखाद्या संस्थेत वर्षभर प्रॉम्प्टिंग करायला लावा. वर्षाअखेरीस दोघांनाही उत्तर मिळालेलं असेल.


प्रश्न : माझं दोन अंकी नाटक लिहून तयार आहे. तुमच्याकडे वाचायला पाठवलं तर चालेल का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : पाठवा. एका बाजूला टाइप केलेलं, आणि कृपा करून पानांना क्रमांक घाला. गेल्या पावसाळ्यात आलेली एक संहिता पंख्याच्या वाऱ्यानं खोलीभर झाली. पानांना आकडे नव्हते. मी हाताला लागली तशी गोळा करून वाचली आणि तिसरा प्रवेश पहिल्याच्या आधी आल्यानं नाटक बरंच सुधारलंय, असं माझं मत झालं. लेखकाला तसं प्रामाणिकपणे कळवलंय. अजून उत्तर नाही.